यंत्राला पान्हा फुटतो तेव्हा…

यंत्रमानव म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पूर्वी दोनच प्रतिमा उभ्या राहत. सांगितले काम मुकाट्याने करणारा लोखंडी गडी ही पहिली आणि मालकावरच उलटणारा यांत्रिक राक्षस ही दुसरी. अलीकडच्या काळात जगभरच्या बालवाचकांनी आणि त्यांच्या पालकांनी एका तिसऱ्याच प्रतिमेला आपलेसे केले आहे. हा यंत्रमानव एका अनाथ पिलाला सांभाळतो, त्याला पोहायला शिकवतो, उडायला शिकवतो आणि वेळ आली की त्याला दूर जाऊ देतो. अमेरिकी लेखक आणि चित्रकार पीटर ब्राऊन यांच्या 'द वाइल्ड रोबोट' या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीची ही नायिका. पुढे 2018 मध्ये 'द वाइल्ड रोबोट एस्केप्स' आणि 2023 मध्ये 'द वाइल्ड रोबोट प्रोटेक्ट्स' हे भाग आले. 2024 साली ख्रिस सँडर्स यांनी दिग्दर्शित केलेला अ‍ॅनिमेशनपट पडद्यावर आला, त्याला ऑस्करची तीन नामांकने मिळाली आणि पुस्तकाकडे नव्याने लक्ष वेधले गेले.

मुलांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाविषयी मोठी माणसेही हिरिरीने मते मांडताना दिसतात. कोणी तिला आईपणाची गोष्ट म्हणतो, कोणी परक्याच्या स्वीकाराची, तर कोणी भाबडेपणाचा आक्षेप घेतो. ही मतमतांतरे कोणती, त्यांच्यामागे यंत्रमानवाच्या कथेची कोणती परंपरा आहे आणि उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांतील वाचकाला ही कथा अधिक जवळची का वाटू शकते, याचा हा आढावा.

बेटावरची परकी

कथानक साधे आहे. चक्रीवादळात एक मालवाहू जहाज बुडते आणि त्यातील यंत्रमानवांच्या काही पेट्या एका निर्मनुष्य बेटाच्या खडकांवर येऊन आदळतात. एक सोडून बाकीच्या फुटतात. शाबूत राहिलेल्या पेटीशी पाणमांजरे खेळू लागतात, खेळता खेळता एक कळ दाबली जाते आणि 'रॉझम 7134' क्रमांकाचे यंत्र जागे होते. स्वतःला 'रॉझ' म्हणवणारे हे यंत्र माणसांची कामे करण्यासाठी बनवलेले आहे. बेटावर माणूसच नाही. त्यामुळे तिला हुकूम द्यायला कोणी नाही आणि आधार द्यायलाही कोणी नाही.

बेटावरचे प्राणी तिला राक्षस समजून पळ काढतात. रॉझ काडीकीड्याकडे पाहून झाडापानांत मिसळून जाण्याची कला शिकते, स्तब्ध उभी राहून प्राण्यांचे आवाज ऐकते आणि हळूहळू त्यांची भाषा आत्मसात करते. पुढे तिच्या हातून अपघात घडतो. कड्यावरून घसरताना दगड कोसळतात आणि रानहंसांचे एक घरटे उद्ध्वस्त होते. एकच अंडे वाचते. त्यातून बाहेर आलेले पिलू रॉझलाच आई समजते आणि 'ब्राइटबिल' नावाच्या या पिलाला वाढवणे हेच तिचे काम होऊन बसते. हे काम तिला कोणीही नेमून दिलेले नसते.

थंडी सुरू होताच रानहंस दक्षिणेकडे निघतात, त्यांच्याबरोबर ब्राइटबिलही जातो. मागे कडाक्याचा हिवाळा येतो. एकमेकांचे भक्ष्य आणि भक्षक असलेले प्राणी रॉझच्या घरातील शेकोटीभोवती एकत्र रात्र काढतात. वसंतात ब्राइटबिल परततो. मात्र त्यानंतर रॉझला बनवणाऱ्यांकडून तिला परत नेण्यासाठी शस्त्रधारी यंत्रमानव येतात. एकेकाळी तिला राक्षस म्हणणारे प्राणी तिच्या रक्षणासाठी लढतात. लढाईत मोडलेली रॉझ अखेरीस दुरुस्तीसाठी, आणि बेटावरच्या सर्वांच्या सुरक्षिततेसाठी, स्वतःहून निघून जाते. परत येण्याचा निर्धार ती मागे ठेवून जाते.

वेठबिगारापासून दाईपर्यंत

'रोबोट' हा शब्द मुळात श्रमाशी, तोही सक्तीच्या श्रमाशी जोडलेला आहे. चेक लेखक कारेल चापेक यांच्या 1920 साली प्रसिद्ध झालेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगभर गेला. तो शब्द सुचवला त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी. चेक भाषेतील 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. नाटकातील कंपनी 'रोसुम' नावाची आहे. ब्राऊन यांच्या यंत्राचे 'रॉझम' हे नाव त्याच्याशी किती मिळतेजुळते आहे, हे वेगळे सांगायला नको. चापेक यांच्या नाटकात कृत्रिम मजूर बंड करतात आणि मानवजात संपवतात. पुढच्या अनेक दशकांच्या यंत्रमानवकथांवर या भीतीची सावली राहिली.

या भीतीला पहिला मोठा छेद आयझॅक असिमोव्ह यांनी दिला. 1940 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या यंत्रमानवकथेत 'रॉबी' हा ग्लोरिया नावाच्या लहान मुलीला सांभाळणारा मूक यंत्रमानव आहे. मुलीला त्याचा लळा लागतो आणि आईला तो घरात नको असतो. मुलांना यंत्राच्या हाती सोपवावे का, हा आज पालकांना पडणारा प्रश्न असिमोव्ह यांनी त्या काळी मांडला होता. त्यांचे यंत्रमानवविषयक तीन नियम 1942 सालच्या कथेत प्रथम स्पष्टपणे आले आणि 'यंत्राने माणसाला इजा करता कामा नये' हे सूत्र विज्ञानकथेत रूढ झाले.

जपानमध्ये 1969 साली अवतरलेल्या 'डोरेमॉन' या निळ्या यांत्रिक मांजराने पुढची पायरी गाठली. हे मांजर हिंदी बोलत भारतीय घरांतील दूरचित्रवाणीवर आले आणि आज तिशीच्या आसपास असलेल्या पिढीचे बालपण त्याच्या संगतीत गेले. 2003 साली स्टार प्लसवर सुरू झालेल्या 'करिश्मा का करिश्मा' या मालिकेतील यांत्रिक मुलगीही याच पिढीला आठवत असेल. यंत्रमानव घरात राहू शकतो, जेवणाच्या टेबलाशी बसू शकतो आणि खोड्याही काढू शकतो, हे या पिढीला कोणी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

मराठी विज्ञानकथेचा सावध सूर

मराठी विज्ञानसाहित्याने मात्र यंत्रमानवाकडे बऱ्याच अंशी सावधपणे पाहिले. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या आणि साहसाची गोडी लावली. 1966 साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धांतून या प्रकाराला बळ दिले. याच परिषदेच्या स्पर्धेत 1974 साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि ती कथा डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांची असल्याचे नंतर उघड झाले. टोपणनावाची आद्याक्षरे म्हणजे त्यांच्या नावाचीच उलटी मांडणी होती.

2025 साली 20 मे रोजी निधन पावलेल्या नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत यंत्रमानव केंद्रस्थानी आहे. एका लुप्त झालेल्या पुरातन प्रगत संस्कृतीचे ज्ञान साठवलेली पेटी सापडते, त्या ज्ञानाच्या आधारे विलक्षण बुद्धीचा यंत्रमानव घडवला जातो आणि ज्या संकटाने ती संस्कृती लयाला गेली तेच संकट पुन्हा दारात येऊन ठेपते. शीर्षकातला वामन बळीच्या कथेतला आहे. तीन पावले जमीन मागणारा बटू पाहता पाहता त्रैलोक्य व्यापतो, हे भारतीय वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते आणि नारळीकरांनी त्याच ओळखीचा आधार घेतला.

'द वाइल्ड रोबोट' वाचणाऱ्या मराठी पालकाच्या मनात हा वामन कोठेतरी उभा असतो. त्यामुळे दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. दोन्हींत यंत्र पेटीच्या निमित्ताने येते. एका पेटीतले ज्ञान माणसाला मोहात पाडते, तर दुसऱ्या पेटीतले यंत्र माणसाविना जगायला शिकते. नारळीकर माणसाच्या हावेविषयी सावध करतात. ब्राऊन काळजी घेणे कसे शिकले जाते, याकडे पाहतात. आज यंत्रे प्रत्यक्षात माणसाशी बोलू लागली असताना मुलांना या दोन्ही बाजू ठाऊक असणे गरजेचे आहे.

वाचकांची मते : कौतुक आणि आक्षेप

या कादंबरीवरील चर्चांत काही मुद्दे पुन्हा पुन्हा येतात. पहिला मुद्दा मांडणीचा. ऐंशी छोटी प्रकरणे, मधूनमधून लेखकानेच काढलेली कृष्णधवल चित्रे आणि वाचकाशी थेट बोलणारा निवेदक यांमुळे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्यास सोयीचे ठरते. रात्री झोपण्यापूर्वी एक-दोन प्रकरणे, हा अनेक घरांतला शिरस्ता या रचनेला साजेसा आहे. वाचनाचा कंटाळा करणारे मूल 'आणखी एकच' असा हट्ट धरते, हे या पुस्तकाचे मोठे यश मानले जाते.

दुसरा मुद्दा भावनेचा. रॉझला खरोखर भावना आहेत का, याचे उत्तर लेखक सरळपणे देत नाही. ती पाहते, शिकते आणि करते. काही वाचकांना हा संयम आवडतो. आईपण म्हणजे रोजच्या कृतींची बेरीज, भावना त्या कृतींतून आपोआप दिसते, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूचे वाचक विचारतात, की पिलाला ऊब देणारे यंत्र आणि अंडी उबवणारी विजेची पेटी यांत मग फरक तो काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर कथेतील अपघातात सापडते. घरटे आपल्यामुळे मोडले, हे रॉझ पिलापासून कायमचे दडवून ठेवत नाही. चुकीची कबुली आणि तिची जबाबदारी घेणे, हे कोणत्याही उबवणी पेटीच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तिसरा मुद्दा मृत्यूचा. पुस्तकात प्राणी मरतात, शिकार होते, हिवाळ्यात काही जण गारठून जातात. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे सोसवेल का, अशी शंका काही पालक व्यक्त करतात. याउलट पंचतंत्रावर वाढलेल्या घरांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या प्राणिकथांत सिंह, कोल्हा आणि ससा यांचे व्यवहार कमी निष्ठुर नाहीत.

चौथा मुद्दा शेवटाचा. रॉझचे जाणे अनेकांना चटका लावून जाते आणि पुढचा भाग लगेच हाती घ्यावासा वाटतो. दुसऱ्या भागात ती शरीफ नावाच्या गृहस्थांच्या गोठ्यात कामाला लागते आणि जया व जाद या त्यांच्या मुलांशी तिची मैत्री होते. 'जया' हे नाव वाचून भारतीय मुलांचे कान टवकारतात, यात नवल नाही.

चित्रपट आधी पाहिलेल्यांचा गट वेगळाच. पुस्तकात दुय्यम असलेला फिंक हा कोल्हा चित्रपटात रॉझचा सोबती होतो, विनोद वाढतो, वेग वाढतो. पुस्तक त्या मानाने संथ आहे. ज्यांना बेटाची शांतता हवी त्यांना पुस्तक भावते आणि ज्यांना रंग, संगीत हवे त्यांना पडदा.

'तो', 'ती' की 'ते'?

मराठी घरात या पुस्तकाची गोष्ट सांगू लागताच एक गंमतीची अडचण उभी राहते. 'यंत्रमानव' हा शब्द पुल्लिंगी, 'यंत्र' नपुंसकलिंगी आणि रॉझ तर लेखकाच्या लेखी स्त्री. मराठीत क्रियापदही लिंगानुसार बदलते. त्यामुळे सांगणाऱ्याला पहिल्याच वाक्यात निर्णय घ्यावा लागतो. ती उठली, तो उठला, की ते उठले?

ही अडचण म्हणजे एक संधीही आहे. पेटीतून बाहेर पडताना 'ते यंत्र उठले' असे म्हणावे, प्राण्यांच्या तोंडी 'तो राक्षस आला' असावे आणि पिलाने हाक मारल्यावर 'ती' यावी. गोष्ट सांगणाऱ्या आजीला हे कोणी शिकवावे लागत नाही. भाषेतील तीन लिंगांच्या आधारे रॉझचा सारा प्रवास मराठीत सहज उलगडतो. इंग्रजी माध्यमात शिकणारा नातू पुस्तक वाचतो आणि मराठीत आजीला गोष्ट सांगतो, असे झाले तर एकाच पुस्तकातून दोघांनाही आपापल्या परीने काही मिळते. नातवाची मराठी सुधारते आणि आजीला नातवाच्या वाचनात वाटा मिळतो.

छावणीचे शहर

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्थानके एकापाठोपाठ येतात. या पट्ट्यातील वाचकाने ही कादंबरी हातात घेतली, तर त्याला बेटाची गोष्ट अगदीच दूरदेशीची वाटू नये.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आणून वसवण्यात आले. 1949 साली 8 ऑगस्ट रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही शहराचे भाग 'कॅम्प' आणि क्रमांक यांनीच ओळखले जातात. समुद्रमार्गे, रेल्वेने, हाती लागेल ते गाठोडे घेऊन आलेल्या या माणसांपुढे रॉझसारखेच प्रश्न होते. भोवतालची भाषा वेगळी, अन्न वेगळे, पाऊस वेगळा आणि शेजाऱ्यांच्या नजरेत संशय. त्यांनी ऐकून ऐकून भाषा उचलली, व्यापार उभारला, फर्निचर आणि कपड्यांच्या बाजारपेठा वसवल्या.

रॉझ प्राण्यांची भाषा शिकते तेव्हा तिला काहीही गमवावे लागत नाही, कारण तिच्यामागे गाव नाही, नातेवाईक नाहीत. माणसांच्या बाबतीत नव्या भाषेची किंमत मोजावी लागते. सिंधी भाषेला 1967 साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तरी ती अरबी लिपीत लिहावी की देवनागरीत, हा वाद दीर्घकाळ चालला आणि नव्या पिढीच्या तोंडून ती मागे पडण्याची चिंता समाजात वारंवार व्यक्त होते. आजोबांची लिपी नातवाला वाचता येत नाही, ही व्यथा उल्हासनगरातील घरांना परकी नाही. कादंबरीत जे सुखद आहे त्याच्या पलीकडचा हा प्रश्न आहे आणि तो विचारण्याचा अधिकार या शहरातील वाचकाला निश्चितच आहे.

कारखान्यांच्या भोंग्यातून

अंबरनाथचे शिवमंदिर शके 982, म्हणजे इसवी सन 1060 मधील. शिलाहारांच्या काळातील या मंदिराच्या दगडांवर घडवणाऱ्या हातांची नावे उरलेली नाहीत, काम मात्र उरले आहे. विसाव्या शतकात हेच गाव कारखान्यांचे झाले. विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, आयुध निर्माणी, यंत्रे घडवणारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि औद्योगिक वसाहत यांच्या वेळापत्रकावर अनेक कुटुंबांचे दिवस चालले. 2021 साली आयुध निर्माणी मंडळाची सात सरकारी कंपन्यांत विभागणी झाली, तेव्हा अंबरनाथची आयुध निर्माणी ज्या कंपनीकडे गेली तिचे नावच 'यंत्र इंडिया लिमिटेड' आहे.

अशा गावातील वाचकाला यंत्रमानवाच्या मायेची गोष्ट ऐकवताना त्याच्या मनातील पहिला प्रश्न रोजगाराचा असणार, हे गृहीत धरले पाहिजे. यंत्र आले की किती हात रिकामे होतील, ही चिंता भावुक कथेने मिटत नाही. पण कादंबरी या प्रश्नाला अगदीच बगल देत नाही. दक्षिणेकडे गेलेला ब्राइटबिल माणसांच्या मुलखात रॉझसारखीच यंत्रे राबताना पाहतो. अखेरीस रॉझला न्यायला येणारे यंत्रमानव तिला कंपनीची मालमत्ता समजतात. काम करणाऱ्याची किंमत कामापुरतीच, मोडला तर दुरुस्ती, नाही तर भंगार, हा व्यवहार कारखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. चापेक यांनी 'रोबोटा' या शब्दातून जे सांगितले तेच ब्राऊन मुलांना झेपेल अशा भाषेत सांगतात.

घर राखणारे कोण?

बदलापूर हे मुंबईच्या नोकरदारांचे शहर. पहाटेची लोकल पकडून निघालेले आई-बाप रात्रीच परततात. दिवसभर मूल आजीकडे, शेजारी किंवा पाळणाघरात असते. या घरांत 'काळजी कोण घेतो' हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. यंत्राने वाढवलेल्या पिलाची कथा अशा पालकाला दोन प्रकारे भिडू शकते. एक, आपण नसताना मुलाच्या हाती दिलेला मोबाइल म्हणजे त्याची रॉझ नव्हे, ही टोचणी. दुसरी, रक्ताचे नाते नसतानाही मनापासून सांभाळणाऱ्या पाळणाघराच्या ताईंविषयीची कृतज्ञता. रॉझ एकटीच ब्राइटबिलला वाढवत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. अनुभवी रानहंस तिला सल्ला देतात, बीव्हर घर बांधायला मदत करतात, बेटच्या बेट पालक होते.

शेजारधर्माची आठवण या भागाला पावसानेही करून दिली आहे. 2005 साली 26 जुलैच्या महापुराचा तडाखा उल्हास नदीकाठच्या वस्त्यांना बसला. 2019 साली 27 जुलै रोजी बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करण्यात आली. तेव्हा बचाव पथकांबरोबर आसपासच्या गावांतील लोकही मदतीला धावले. शेकोटीभोवती एकवटलेल्या प्राण्यांचे प्रकरण वाचताना इथल्या वाचकाला अशी एखादी रात्र आठवली, तर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

विषारी लाट आणि वालधुनी

मालिकेच्या तिसऱ्या भागात बेटाभोवतीच्या समुद्रात विषारी लाट पसरते. मासे, पक्षी आणि सागरी जीव धोक्यात येतात आणि त्या विषाचा उगम शोधण्यासाठी रॉझ बाहेर पडते. अंबरनाथ परिसरात उगम पावून उल्हासनगरातून कल्याणकडे वाहणाऱ्या वालधुनीच्या काठी राहणाऱ्या मुलांना यात काल्पनिक असे फार थोडे वाटेल. 2014 साली या नदीत रसायन सोडले गेल्याने उल्हासनगरात अनेकांना श्वसनाचा त्रास होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. नदीचे पाणी रंग बदलते हे इथल्या मुलांनी पुलावरून पाहिलेले असते. पुस्तकात विषाचा उगम शोधायला एक यंत्र निघते. प्रत्यक्षात ते काम नागरिकांचे, महापालिका-नगरपालिकांचे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे. मुलाने हा फरक विचारला, तर पुस्तक वाचल्याचे सार्थक झाले असे समजावे.

चर्चा रंगावी कोठे?

वाचन एकट्याने होते, मत मात्र बोलता बोलता घडते. त्यासाठी या पट्ट्यात जागा आहेत. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेल्या 'ग्रंथसखा' वाचनालयाने दुर्मीळ मराठी ग्रंथांच्या संग्रहामुळे राज्यभर नाव मिळवले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 अन्वये मान्यता मिळालेली वाचनालये राज्यात सर्वत्र असून त्यांच्या बालविभागांत अशा चर्चांना वाव आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने शाळांतून भाषणांबरोबर एखाद्या पुस्तकावर मुलांची मोकळी चर्चा ठेवता येईल.

चर्चेसाठी मोजके प्रश्न पुरेत. रॉझने घरट्याची गोष्ट पिलाला सांगितली ते योग्य होते का? प्राणी तिला राक्षस का म्हणाले आणि ते मत केव्हा बदलले? ती यंत्र आहे हे ठाऊक असूनही वाईट का वाटले? आपल्या वर्गात, आपल्या इमारतीत नव्याने आलेले कोण आहे? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना मुले पुस्तक मिटून आजूबाजूला पाहू लागतात. मोठ्यांसाठी आणखी एक प्रश्न जोडता येईल. 'वामन परत न आला' आणि 'द वाइल्ड रोबोट' यांपैकी येणाऱ्या काळाचे चित्र अधिक अचूक कोणते? एकमत होणार नाही आणि होण्याची गरजही नाही.

यंत्रे माणसासारखी होतील का, याविषयी शास्त्रज्ञ आणि उद्योजक आपापले अंदाज मांडत राहतील. ब्राऊन यांच्या कादंबरीने वाचकांपुढे ठेवलेला प्रश्न त्याहून जवळचा आहे. परक्या ठिकाणी येऊन पडलेल्याला आपण किती लवकर राक्षस म्हणतो आणि त्याला आपला म्हणायला किती ऋतू घेतो? छावणीतून शहर झालेल्या उल्हासनगरात, भोंग्यावर दिवस मोजलेल्या अंबरनाथमध्ये आणि रोज पहाटे रिकामे होऊन रात्री भरणाऱ्या बदलापुरात या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागणार नाही. ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले तरी पुरे.